‘आलोच’ म्हणून शिडी घेऊन गेलेल्या कोंपाद्रेंना

सांता रोसालिया दे ला लोमा,
चर्चच्या मागे, शिंप्याचं दुकान

परमादरणीय कोंपाद्रे एपिग्मेनियो यांच्या सेवेशी,

टोपी काढून आणि मान लववून फिदेन्सियो शिंप्याचा नमस्कार. देवाच्या आणि सांता रोसालियाच्या कृपेने आपण खुशाल असाल अशी आशा करतो. आशा करतो असं आपलं म्हणायचं, एरवी मला दिसतंच आहे. माझ्या कापड बेतायच्या टेबलापाशी उभं राहिलं की चौकापलीकडचं तुमचं अंगण पुरतं नजरेत येतं, आणि काल सकाळी तुम्ही नुसत्या बनियनमध्ये उभे राहून डुकराशी बराच वेळ बोलत होतात, तेव्हा तब्येत उत्तम असणार. डुक्करही छान भरलंय. तुमच्या मंडळींचा, कोमाद्रे उबाल्दांचा, गुडघा कसा आहे? (धुणं वाळत घालताना त्या डाव्या पायावर रेलतात, म्हणजे उजवा अजून दुखतोय. निवडुंगाचं पान भाजून बांधायला सांगा.) तुमचा तुबा, बँडमधला तो अजगरासारखा अंगाभोवती वेटोळं घालून बसणारा कर्णा, रोज संध्याकाळी ऐकू येतो. त्यावरून तुमच्या छातीत दम आहे हे कळतं, आणि नव्या वाल्ट्सचा मधला भाग अजून बसलेला नाही हेही कळतं. आमच्याकडे सगळे मजेत. कारभारीण तोमासा मजेत, तुमची धर्मकन्या रुतिलिया मजेत, मी तर फारच मजेत. हे पत्र मी कोणत्याही कामासाठी लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, उगाच गैरसमज नको.

समोर राहणाऱ्या माणसाला पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण उघड आहे. सान ह्वानच्या जत्रेपासून आपण बोलत नाही. मी दिसलो की तुम्ही टोपी डोळ्यांवर ओढता आणि तुम्ही दिसलात की मी सुईत दोरा ओवायला लागतो (एकदा तर हातात सुईच नव्हती). बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्या लेकीला तुम्ही हातांवर घेतलंत, तेव्हापासून आपण एकमेकांचे कोंपाद्रे, सख्ख्या भावाहून जवळचे, आणि अशी ही गंमत. फोन करावा तर तुम्ही तो उचलून पहिला शब्द ‘हुकूम?’ असा उच्चारता, आणि तो शब्द कानावर पडला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. हुकूम कसला डोंबलाचा? आजवर माझा एक तरी हुकूम तुम्ही ऐकला असेल तर शपथ. पोस्टाने पाठवावं तर पत्र आधी ओआहाका शहरात जाणार, तिथे विश्रांती घेणार आणि चौक ओलांडायला महिना लावणार. म्हणून तोमासाच्या हाती, मक्याच्या तोर्तियांच्या फडक्याखाली ठेवून पाठवतोय. तोर्तिया तुमच्यासाठी आहेत. फडकं परत द्या.

आता शिडीचा विषय निघालाच आहे (मी काढलेला नाही, पण निघाला), तर थोडक्यात सांगतो. त्या दिवशी मी छपरावरची पाण्याची टाकी धुवायला चढलो होतो. टाकीत पाखरू मेलं होतं. पाण्याला वास येतो हे तुम्हीच आमच्याकडे जेवताना सांगितलं होतं, दुसरा पेला पिऊन झाल्यावर. मी वर, शिडी खाली, आणि शिडीपाशी तुम्ही. तेवढ्यात बँडवाल्यांनी हाक मारली, चर्चच्या दारावर पताका बांधायला शिडी हवी म्हणून. तुम्ही मान वर करून म्हणालात, ‘आलोच, कोंपाद्रे!’ आणि माझी शिडी खांद्यावर टाकून निघून गेलात. सकाळची वेळ होती. माझी टाकी आतून धुऊन झाली. मग बाहेरून धुऊन झाली. मग मी पत्र्यावर बसलो, पत्रा तापल्यावर उभा राहिलो, आणखी तापल्यावर एकेका पायावर उभा राहिलो. तोमासा आणि रुतिलिया जत्रेत. दुपारी खालून मिरवणूक निघाली, सगळं गाव माझ्या घरावरून गेलं आणि प्रत्येकाने वर बघून हात हलवला. कुणी विचारलं, ‘काय मास्तर, हवा खाताय?’ तेलाच्या दुकानवाली म्हणाली, ‘मी काही बोलत नाही, पण ऊन फार आहे हं.’ ज्याच्याकडे म्हणून शिडी मागितली तो ‘आलोच’ म्हणाला आणि पुढे गेला. आणि बँडच्या मागच्या रांगेत गाल फुगवून तुबा वाजवत तुम्हीही गेलात, कोंपाद्रे, माझ्याच छपराखालून. तुब्यातून तोंड बाहेर काढून तुम्ही मला पुन्हा एकदा म्हणालात, ‘आलोच!’

शिडी आली तेव्हा दिवे लागले होते. खाली उतरून मी तुम्हाला जे बोललो ते बोललो. तो शब्द माझ्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये आणि तुमच्या तोंडातून तो जात नाही तोवर तुम्हीही येऊ नका, असं काहीसं ते होतं. तुम्ही म्हणालात, ‘राहिलं, मग!’ आणि रागाच्या भरात शिडी परत खांद्यावर टाकून घरी गेलात. कुणाची शिडी आहे याचा विचार त्या वेळी आपण दोघांनीही केला नाही.

पण छपरावर माणसाला विचार करायला निवांतपणा मिळतो, हे कबूल केलं पाहिजे. आपलं गाव तोंड भरून बोलतं आणि सांगत काहीच नाही, हे मला त्या पत्र्यावर कळलं. पाणीखात्याचा मनुष्य घ्या. पाणी कधी सोडणार म्हणून विचारलं तर म्हणतो, ‘देवाची मर्जी असेल तर उद्या.’ आणि म्हणताना त्याचा हात कशावर असतो? नळाच्या चाकावर! देवाला मध्ये कशाला घेतो? बाजारातल्या बाकावर मी जेवायला बसलो की येणारा-जाणारा ‘अंगी लागो!’ म्हणतो. चांगली रीत आहे, नाही म्हणत नाही मी, पण त्याला उलट ‘आभारी आहे’ म्हणावं लागतं, तोंडात गरम घास असतो, आणि मंगळवारच्या बाजारात जाणारे-येणारे किती ते तुम्हाला ठाऊक आहे. सुखाने गिळलेला घास मला आठवत नाही. जे काही अंगी लागायचं ते शर्टावर लागतं. शेजारीण मला दारात उभं करून ‘या, हे आपलंच घर’ म्हणते आणि खुर्चीवरची मांजर काही उठवत नाही. ‘खरं सांगायचं तर’ असं म्हणून जो सुरुवात करतो त्याने कालपर्यंत काय सांगितलं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. ‘तसं काही नाही, पण’ याच्या पुढे जे येतं ते ऐकून मी दोनदा आजारी पडलोय. आणि घरात आमचं कन्यारत्न! शहरात शिवणकामाचा वर्ग करून आल्यापासून तिचं एकही वाक्य ‘म्हणजे’शिवाय उठत नाही आणि ‘म्हणजे’शिवाय बसत नाही. ‘म्हणजे मी काय म्हणते, म्हणजे आज वाटाण्याचं सार, म्हणजे.’ सार होईपर्यंत माझी भूक मरते.

तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी दुकानात फळी टांगली. तुम्ही तुमच्या खिडकीतून वाचली असेलच, अक्षरं तेवढ्यासाठीच मोठी काढली होती. ‘खालील शब्द या दुकानात व घरात बोलू नयेत’ असं वर लिहिलं आणि त्याखाली लाल रंगात एकेक शब्द. पहिल्या ओळीत एकटाच तुमचा. फळी लोकांना झोंबली हे मला लगेच समजलं, कारण कुणीतरी शेवटी खडूने ‘फक्त काज-बटण राहिलंय’ असं लिहून ठेवलं. यात चिडण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. काज-बटण राहिलं असेल तर शिंप्याने दुसरं म्हणायचं तरी काय? मी ते ओल्या फडक्याने पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेलं होतं, वेगळ्या अक्षरात.

फळीचा उपयोग मात्र झाला, नाही असं नाही. चर्चचा सेवक तेओदुलो फादरांचा झगा घेऊन आला. एरवी बोलायला लागला की देव आठवायला लावणारा मनुष्य, पण ‘तसं काही नाही, पण’ काढून घेतल्यावर त्याला सुरुवातच सापडेना. तोंड उघडायचा, फळीकडे बघायचा, मिटायचा. शेवटी त्याने हातांनी खुणा केल्या. मी त्याप्रमाणे झगा वर घेतला. तो खाली सोडायचा होता. त्या रविवारी फादरांनी घोटे दाखवत प्रार्थना म्हटली आणि पहिल्या बाकावरच्या बायकांनी प्रथमच शेवटपर्यंत लक्ष दिलं. तोमासाने फळी नीट वाचून काढली आणि म्हणाली, ‘यातलं सगळं वगळलं तर माझ्याकडे “जेवण झालंय” एवढंच उरतं.’ नंतर तिने तेही सोडलं, नुसती पळी आपटायची. रुतिलिया ‘म्हणजे’ गिळता गिळता पूर्ण वाक्यच गिळायला लागली. घरात शिवणयंत्राशिवाय आवाज नाही. याला म्हणतात शांतता, असं मी मनाशी म्हणालो. मनाशी अशासाठी की दुसरं कुणी बोलायला नव्हतं.

अशा शांततेत एके दिवशी रुतिलिया माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि सरळ म्हणाली, ‘पप्पा, रविवारी नाबोरच्या घरचे मागणी घालायला येताहेत.’ मागेपुढे एक ‘म्हणजे’ नाही! मी इतका चपापलो की टाचण्यांच्या उशीवर बसलो. नाबोर म्हणजे वरच्या आळीतल्या बेकरीवाल्या क्रेसेन्सियाबाईंचा धाकटा. पोरगा सोन्यासारखा आहे, पहाटे भट्टी पेटवतो, दारू पीत नाही. दोष एकच, काहीही सांगा, ‘काळजी नको’ म्हणतो. त्याच्या पावावर काळजी नको, त्याच्या मोटरसायकलच्या ब्रेकवर काळजी नको. पण रुतिलियाला तो आवडतो, तिने त्याच्यासाठी शहरातली नोकरी नाकारली, आणि गल्लीत त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला की ती आरशाकडे बघते. माझा काही विरोध नव्हता. विरोध असता तर बरं झालं असतं, हे पुढे कळेल.

मागणीची रीत तुम्हाला मी काय सांगावी? माझ्या वेळी तुम्हीच माझ्याबरोबर टर्की उचलून आला होतात. आठवतंय? पहिल्या रविवारी तोमासाच्या वडिलांकडून सांगण्यात आलं की पोरगी अजून लहान आहे (ती तेव्हा माझ्यापेक्षा वीतभर उंच होती). दुसऱ्या रविवारी सांगण्यात आलं की तिला चॉकलेट घुसळता येत नाही. तिसऱ्या रविवारी म्हातारा ढसाढसा रडला आणि हो म्हणाला, आणि मग तिनेच घुसळलेलं चॉकलेट आपण प्यायलो. मुलाकडून बोलायला गावभरच्या मागण्या घालणारे मेलितोन आजोबा, मुलीकडून बोलायला तिचा धर्मपिता, आणि बापाने नुसतं गप्प बसून वाईट चेहरा करायचा, अशी ती सगळी वाटणी. तोमासाने शनिवारी तोंड उघडलं, फळीखाली उभं राहून. म्हणाली, ‘एपिग्मेनियो कोंपाद्रेंना बोलवा. हात जोडते.’ मी म्हणालो, मला देवाने तोंड दिलंय. तिने पळी आपटली.

रविवारी प्रार्थना आटोपून मंडळी आली. पुढे मेलितोन आजोबा, धुतलेला पांढरा सदरा, हातात काठी. मागे क्रेसेन्सियाबाई, नाबोर, मावश्या, आत्या, आणि टोपल्यांत अंडी घातलेला पाव, चॉकलेटच्या वड्या, मेणबत्त्या, फुलं आणि पाय बांधलेल्या दोन टर्की. आजोबा देव्हाऱ्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि सुरू झाले. या आपल्याच घरात येताना फार संकोच वाटतो, असं म्हणाले. माझ्या उंबऱ्याची क्षमा मागितली, माझ्या दाराची मागितली, माझ्या वाडवडिलांची एकेकाचं नाव घेऊन मागितली (माझ्या पणजोबांचं नाव मला तेव्हाच कळलं). खरं सांगायचं तर एक कबुतर उडत उडत या अंगणात आलं आहे, असं म्हणाले. मग देवाने जग कसं केलं तिथे गेले. कोंपाद्रे, मी आदामापर्यंत दम धरला. फळीवरचा एकेक शब्द माझ्याच घरात, माझ्याच देव्हाऱ्यापुढे, टोपलीतून काढल्यासारखा बाहेर येत होता. आदामाच्या बरगडीतून ईव्ह अर्धी बाहेर आली तेव्हा माझ्याच्याने राहवेना. मी म्हणालो, ‘आजोबा, थोडक्यात. पोरगी मागायला आलात ना? दिली. घेऊन जा.’

स्वयंपाकघरातली चॉकलेटची रवी थांबली. मेलितोन आजोबा हयातभर हाच धंदा करताहेत, पण पहिल्या रविवारी कुणी मुलगी दिली तर काय म्हणायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. ते गुडघ्यांवर बसूनच मागे वळले. क्रेसेन्सियाबाईंनी विचारलं, ‘देताय? कधी?’ मी म्हणालो, ‘तुम्ही म्हणाल तेव्हा. आजसुद्धा चालेल.’ त्यांनी रुतिलियाला वेणीपासून चपलेपर्यंत निरखून बघितलं, मग पुन्हा चपलेपासून वेणीपर्यंत. हळूच म्हणाल्या, ‘बरी आहे ना पोरगी?’ मी म्हणालो, ‘ठणठणीत आहे, म्हणून तर देतोय!’ त्यांनी पावावरचं फडकं नीट केलं, टोपली उचलली, आणि उठता उठता म्हणाल्या, ‘बघू हं, मास्तर.’ बघू हं! हा शब्द फळीवर लिहायचा राहून गेला होता. मावश्या उठल्या, आत्या उठल्या, टर्की उलट्या लटकत आल्या तशा गेल्या. नाबोर दारात थबकला, रुतिलियाला ‘काळजी नको’ म्हणाला आणि आईच्या मागून गेला. मी आपला खुशीत. चॉकलेट गार व्हायच्या आत मागणी उरकली, असं मोठ्याने म्हणालोदेखील.

पुढचं तुम्ही मक्याच्या गिरणीत ऐकलं असेलच, तुमची उबाल्दा पहाटे रांगेत पहिली असते. शिंपी पोरगी काढून टाकतोय, आजच न्या म्हणाला, असं गिरणीत सुरू झालं. दुपारपर्यंत रुतिलियाचा एक पाय आखूड झाला. संध्याकाळी तिला फिट्स यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी तिचा उत्तरेकडे कुठेतरी एक नवरा निघाला आणि तेलाच्या दुकानवालीने त्याला मिशाही लावल्या. तेलवाली माझ्यापुढे मात्र ‘मी काही बोलत नाही’ एवढंच म्हणाली आणि खरोखरच पुढे काही बोलली नाही. तिचं मला तेवढंच झोंबलं. नाबोरची मोटरसायकल गल्लीत यायची बंद झाली. आईने बंदी घातली म्हणे.

रुतिलिया रडली असती तर मला समजूत काढता आली असती. ती रडली नाही. मी टेबलापाशी पँट उसवत बसलो होतो, ती येऊन समोर उभी राहिली. म्हणाली, ‘आईच्या वेळी तिचे वडील दोनदा नाही म्हणाले. क्रेसेन्सियाबाईंच्या वेळी त्यांचे वडील आतून कडी लावून बसले होते, त्या अजून कौतुकाने सांगतात. तुम्ही मला एकदासुद्धा नाही म्हणाला नाहीत, पप्पा. म्हणजे, म्हणजे मी एवढी जड झाले होते तुम्हाला?’ फळीवरचा शब्द तिने दोनदा वापरला आणि मी काही बोललो नाही. ती जायला वळली तरी मी काही बोललो नाही. तिला सांगायचं होतं की बये, तू गेल्यावर या घरात मी कुणाच्या ‘म्हणजे’वर चिडू? सकाळी उठून शिवणयंत्राचं तोंड बघू का? पण ते तोंडातून येईना. एवढी सरळ बोलायची फळी टांगली, आणि सरळ बोलायची वेळ आली तर माझी दातखीळ बसली. ती गेल्यावर मात्र मला रडू फुटलं. हातात तेओदुलोच्या पँटची तंगडी होती, तिलाच डोळे पुसले. (ही गोष्ट तेओदुलोला सांगू नका, पँट धुतलेली आहे असं सांगून मी त्याला दिली आहे.)

मग मी स्वच्छ सदरा घालून क्रेसेन्सियाबाईंच्या बेकरीत गेलो. ठरवून गेलो होतो की सगळं रीतसर बोलायचं, एकही शब्द सोडायचा नाही. पण सवय नाही हो. दारात पाऊल टाकलं आणि मीच त्यांना म्हणालो, ‘या, हे आपलंच घर.’ त्या म्हणाल्या, ‘माझंच आहे, मास्तर.’ मग ‘फार संकोच वाटतो’ म्हणालो आणि कशाचा ते आठवेना. त्या कणीक मळत होत्या तर ‘अंगी लागो’ म्हणालो. शेवटी ‘मी काही बोलत नाही, पण’ इथपर्यंत आलो आणि घोडं अडलं, कारण ‘पण’नंतर काहीतरी बोलावं लागतं. भट्टीमागे नाबोर उभा होता, त्याने तेवढ्यात मला ‘काळजी नको’ म्हणून घेतलं, आणि कोंपाद्रे, मला तो शब्द इतका गोड लागला की काय सांगू. क्रेसेन्सियाबाईंनी हाताचं पीठ झटकलं. म्हणाल्या, ‘मास्तर, पोरगी मला पसंत आहे, आजची नाही. पण अशी फुकट टाकल्यासारखी दिलेली सून घरात घेऊ कशी? चार माणसांत तिची काय किंमत राहील? येत्या रविवारी मेलितोन आजोबांना घेऊन परत येते. पुन्हा पहिल्यापासून. तुमच्याकडे नीट नाही म्हणणारं कुणी असेल तर बोलणी होतील, नाहीतर राहिलं. तुम्ही स्वतः तोंड उघडायचं नाही.’ मी ‘बरं’ म्हणालो. त्याच्यावरही त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

थोडक्यात, आमच्याकडे सगळे मजेत आहेत. पाऊसपाणी ठीक, मक्याला यंदा दाणा चांगला भरेलसं दिसतं. कोमाद्रेंना माझा नमस्कार, डुकराला जपा. लोभ आहेच, तो तुमच्या बाजूनेही शिल्लक असेल तर कळवा, म्हणजे खिडकीतून हात केलात तरी पुरे.

आपला कोंपाद्रे आणि शिंपी,
फिदेन्सियो

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. येत्या रविवारी तुम्हाला काही काम नसेल (बँडची तालीम नाही, मी चौकशी केली आहे) तर प्रार्थनेनंतर आमच्याकडे या. मुलीच्या वतीने तेवढं ‘नाही’ म्हणायचं आहे. पोरगी लहान आहे म्हणा, तिला घेवडा शिजवता येत नाही म्हणा, काय हवं ते म्हणा, फक्त पायाबद्दल आणि फिट्सबद्दल काही बोलू नका, ते गावात आधीच झालंय. मेलितोन आजोबा आदामापासून सुरुवात करतील, तुम्ही त्याच्याही आधीपासून करा. मी वाईट चेहरा करून बसेन. सध्या तो आपोआपच होतोय. फळी उतरवली आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला दार नव्हतं, तिथे ठोकली. ‘आलोच’ हवं तितक्यांदा म्हणा. पण रविवारी म्हणू नका, रविवारी या.

ता. क. २. तोमासाने हे पत्र वाचलं. म्हणते, एवढं ‘थोडक्यात’ लिहायला दिवस घालवलात, चौक ओलांडून हाक मारली असती तर कोंपाद्रे केव्हाच आले असते. तिला काय कळतंय! येताना शिडी आणा. पाण्याला पुन्हा वास येतोय.

ता. क. ३. दोनदा नाही म्हणून झालं की तिसऱ्या रविवारी हो म्हणायचं असतं, हे मला माहीत आहे. पण तुम्हाला जमण्यासारखं असेल, आणि क्रेसेन्सियाबाई फार मनावर घेणार नसतील, तर आणखी एखादा रविवार लांबवून बघा. रुतिलियाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने नाही म्हणा.

ता. क. ४. घालायचं काय, याची चिंता करू नका. तुमच्या थोरल्याच्या लग्नासाठी तुम्ही माझ्याकडे शिवायला टाकलेला काळा सूट (त्याची पोरगी आता शाळेत जाते, परवा दिसली, गोड आहे) रविवारी सकाळी घेऊन जा. अगदी तयार आहे. फक्त काज-बटण राहिलंय.